तड्याचे टोक

मातीचे मडके विकत घेताना आपल्याकडच्या बायका ते बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. अखंड मडके खणखणीत वाजते. तडा गेलेले बद्द वाजते. डोळ्यांना न दिसणारी रेघ अशा वेळी कानांना कळते. लोखंडाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. लोखंड आपले दुखणे फार दिवस सोसते. तडा गेल्यावरही ते भार वाहते, ओझे पेलते, चाके वळवते. आणि अखेर एके दिवशी, कोणाला काही सांगायच्या आत, तुटून पडते. म्हणून ज्यांचा लोखंडाशी रोजचा संबंध येतो, त्यांना त्याचे मुके दुखणे ओळखता यावे लागते. असा एक जाणता मिस्त्री मी जवळून पाहिला. मोटारीच्या ज्या भागाकडे प्रवाशाची दृष्टी कधीच जात नाही, त्या भागावर त्याने खर्च केलेले दोन दिवस मला पुष्कळ काही शिकवून गेले.

माझे आजोळ जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला आहे. मामांची टोमॅटोची शेती. त्यांच्यापाशी एक जुनी पिकअप गाडी होती. तिचा मूळ रंग कोणता, याविषयी घरात एकमत नव्हते. परंतु तिच्या उपयोगाविषयी सर्वांचे एकमत होते. तोडणी सुरू झाली की क्रेट भरून ती नारायणगावच्या बाजारात जाई. तेथे भाव पडलेला असला, तर रात्रीच माळशेज घाट उतरून कल्याणची वाट धरी. येताना तीच खताच्या गोण्या आणी. रात्री-अपरात्री एखाद्या आजाऱ्याला दवाखान्यात पोचवण्याचे कामही तिच्याकडेच येई. गाडीचे कागद मामांच्या नावाने होते, पण गाडी साऱ्या वस्तीची होती.

त्या वर्षी मी उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी होतो. जूनचे पहिले दिवस होते. घाटात वळवाचे पाऊस पडू लागले होते. अशा वेळी मामांच्या ध्यानात आले, की स्टीअरिंग फिरवले तरी गाडी किंचित उशिराने वळते, आणि वळताना पुढच्या बाजूने कोठून तरी ‘कट्’ असा आवाज येतो. दुसऱ्याच दिवशी कल्याणला माल न्यायचा होता. आम्ही गाडी घेऊन मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो.

मिस्त्रींनी कोणतेही अवजार हाती घेतले नाही. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितले, मला स्टीअरिंगवर बसवले आणि स्वतः विजेरी घेऊन गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकून बसले. “डावीकडे घे. आता उजवीकडे. पुन्हा डावीकडे.” असे चार-पाच वेळा झाल्यावर ते मामांना म्हणाले, “अण्णा, जरा वाकून बघा. चाके वळायच्या आधी पेटीच हलते आहे.”

ही पेटी म्हणजे स्टीअरिंग बॉक्स. चालकाच्या हातातले चाक फिरले, की त्याच्या दांड्याच्या टोकाशी असलेला मळसूत्री आटा या पेटीत फिरतो. त्यामुळे पेटीबाहेरचा एक लोखंडी हात पुढे-मागे झुलतो, आणि तो हात दांड्यांच्या साहाय्याने पुढची चाके वळवतो. तुम्ही शास्त्राच्या पुस्तकात न्यूटनचा तिसरा नियम वाचला असेल: प्रत्येक क्रियेला तितकीच व उलट दिशेची प्रतिक्रिया असते. पेटी चाकांना जितक्या जोराने ढकलते, तितक्याच जोराने चाकेही पेटीला उलट ढकलतात. हा सगळा जोर ज्यावर पडतो, तो म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, म्हणजे चॅसीचा, चार बोल्टांभोवतीचा वीतभर पत्रा. चाके वळायच्या ऐवजी पेटी हलत होती. याचा अर्थ तो पत्राच शरण आला होता.

आता दुखणे नेमके कोठे आहे ते शोधायचे होते. त्या जागी काळ्या रंगाचा जाड थर होता. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशाने तो खरवडून काढला, आणि खालून वेल्डिंगची एक ओबडधोबड कड वर आली. मागे कधी तरी कोणी तेथला तडा वरच्यावर सांधून, रंग फासून झाकून टाकला होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी त्या भागावर रॉकेल लावले, थोडा वेळ जाऊ दिला, फडक्याने तो भाग कोरडा केला आणि त्यावर खडूची पूड चोळली. काही मिनिटांत त्या पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक ओली रेघ उमटू लागली. तड्यात शिरलेले रॉकेल आता बाहेर येत होते. ती रेघ एका बोल्टाच्या भोकापासून निघाली होती, जुन्या वेल्डिंगच्या कडेने गेली होती, आणि ते वेल्डिंग जेथे संपले होते त्याच्याही पुढे दोन बोटे पोचली होती.

मामांनी ती रेघ पाहिली. पण त्यांच्या डोळ्यांपुढे झाडांवर पिकलेले टोमॅटोही होते. ते म्हणाले, “मिस्त्री, आज वरून एक टाका मारून द्या. माल पोचवून येतो, मग सावकाश काय ते करू.”

“टाका मी आत्ता मारीन, अण्णा,” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “पण तुम्ही घाट उतरणार. ब्रेक निकामी झाला तर हातब्रेक आहे, गिअर आहे. स्टीअरिंग सुटले तर हातात काय राहते?”

या प्रश्नाला मामांपाशी उत्तर नव्हते. त्यांनी शेजाऱ्याची गाडी भाड्याने ठरवली. त्या खेपेचा बहुतेक नफा भाड्यातच गेला, आणि मामींनी तो हिशेब पुढे कित्येक दिवस तोंडपाठ ठेवला.

तडा एवढासा असताना तो इतका घातक का ठरतो, हे समजण्यासाठी कापडाच्या दुकानाकडे पाहावे. अखंड कापड दोन्ही हातांनी ओढले तरी फाटत नाही. दुकानदार त्याच्या काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग तेच कापड एका झटक्यात सरळ फाडतो. कापड दुबळे झालेले नसते. पण ओढीचा सारा जोर त्या चिरेच्या टोकाशी एकवटलेला असतो. धातूचेही तसेच आहे. रुंद पत्र्याला लहानसे गोल भोक पाडून तो पत्रा ओढला, तर त्या भोकाच्या कडेला सरासरीच्या तिप्पट ताण येतो, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ साली गणिताने दाखवले. अणकुचीदार चिरेच्या टोकाशी हा ताण त्याहून कितीतरी अधिक असतो. शिवाय हा ताण पुनःपुन्हा येत राहिला, तर एका वेळी जो जोर धातू लीलया सहन करतो, तोच जोर त्याला हळूहळू फाडत नेतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

या थकव्याने मोठमोठ्यांना चकवले आहे. १९५२ साली प्रवासी सेवेत आलेले ब्रिटिश बनावटीचे ‘कॉमेट’ हे जगातले पहिले प्रवासी जेट विमान. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोन विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. तेव्हा फार्नबरो येथील संशोधकांनी त्याच जातीच्या एका विमानाचे धड पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले आणि त्यातील दाब हजारो वेळा वाढवून-उतरवून पाहिला. धडाला पाडलेल्या खिडक्यांसारख्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपाशी तडे जन्म घेत होते, असे त्यातून आढळले. आकाशातले विमान काय आणि ओतूरच्या रस्त्यावरची पिकअप काय, धातूचा नियम दोघांना सारखाच.

मग तडा थांबवावा कसा? मिस्त्रींनी खडूने रेघेच्या अगदी टोकाशी खूण केली, टोकाच्या किंचित पुढे पंचाने ठसा उमटवला, आणि तेथे ड्रिलने एक लहानसे गोल भोक पाडले. आधीच फाटलेल्या पत्र्याला आणखी एक भोक! मला ते चमत्कारिक वाटले. माझा चेहरा पाहून ते हसले व म्हणाले, “शर्टाचे काज बघ. शिंपी त्याच्या दोन्ही टोकांना टाके का घालतो? काज पुढे उसवू नये म्हणून. अणकुचीदार टोक पुढे धावते. गोल कड पाहिली की ते अडते. पण टोक नेमके सापडले पाहिजे. एक सूत अलीकडे भोक पाडले, तर तडा पलीकडून निसटला म्हणून समज.”

तथापि एवढ्याने भागत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘लिबर्टी बेल’ नावाची इतिहासप्रसिद्ध घंटा आहे. तिला बारीक तडा गेला, तेव्हा १८४६ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मदिनी ती वाजवता यावी म्हणून कारागिरांनी तो तडा मुद्दाम कोरून रुंद केला, म्हणजे त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासणार नाहीत. आज त्या घंटेवर जी रुंद फट दिसते, ती म्हणजे ही दुरुस्तीच होय. पण घंटा वाजवली जात असताना दुसरा तडा पुढे सरकला आणि ती कायमची मुकी झाली. तड्याची वाट अडवली होती. टोल्यांचा जोर मात्र होता तसाच होता.

आमच्या गाडीवरचे टोले कोणते, हे मिस्त्रींनी मामांना विचारून विचारून काढले. मामांनी आदल्या वर्षी चिखलासाठी मूळच्यापेक्षा रुंद टायर बसवले होते. बाजाराच्या दाटीत भरलेली गाडी उभी असतानाच चाके जागच्या जागी वळवण्याची सवय होती. आणि एक बोल्ट कधीचा सैल झालेला होता. त्याचा वाटा उरलेले तीन बोल्ट उचलीत होते. तडा गेला होता तो या सर्वांच्या मिळून.

दुसऱ्या दिवशी खरे काम झाले. पेटी उतरवली. बॅटरीच्या तारा सोडल्या. ब्रेकची नळी बाजूला बांधून ठेवली. जुने वेल्डिंग ग्राइंडरने पार काढून टाकले, आणि तडा तळापर्यंत भरला जावा म्हणून त्याच्या दोन्ही कडा उतरत्या घासल्या. कोरड्या ठेवलेल्या सळयांनी मिस्त्रींनी तो थोडा थोडा भरला; मध्ये थांबत, पत्रा निवू देत. मी पाण्याची बादली पुढे केली, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटले. तापलेले लोखंड एकाएकी थंड केले, तर ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. मग त्यांनी आतल्या बाजूने एक जाड आधारपट्टी बसवली. तिची टोके त्यांनी सरळ न कापता तिरकी कापली. कारण जेथे पट्टी एकदम संपते, तेथे ताण पुन्हा एकवटतो. तिरकी पट्टी तो हळूहळू सोडून देते. चॅसीच्या वरच्या आणि खालच्या कडांना मात्र त्यांनी वेल्डिंगचा स्पर्शही होऊ दिला नाही, कारण गाडीच्या भाराने सर्वांत जास्त ओढल्या जातात त्या याच कडा. शेवटी नवे बोल्ट आले. त्यांच्या डोक्यांवर १०.९ हा आकडा कोरलेला होता. तो जास्त ताकदीच्या पोलादाची खूण आहे. ते बोल्ट त्यांनी हाताच्या अंदाजाने न आवळता, जोर मोजणाऱ्या पान्याने आवळले.

आता रंग द्यायचा राहिला होता. मामांनी काळ्या रंगाचा डबा दाखवला. मिस्त्रींनी तो बाजूला सारला आणि फिक्या करड्या रंगाचा एक पातळ हात दिला.

“काळ्यावर गंजाची रेघ दिसत नाही, अण्णा,” ते म्हणाले. “यावर तडा आला तर लगेच दिसेल. आठ दिवसांनी गाडी आणा, बोल्ट पुन्हा तपासू. आणि ते रुंद टायर काढून टाका.”

हे शेवटचे शब्द मला फार मोलाचे वाटतात. आपले काम चांगले झाले आहे, हे मिस्त्रींना ठाऊक होते. तरीही ते पुन्हा बिघडू शकेल, हे त्यांनी गृहीत धरले, आणि बिघडले तर पाहणाऱ्याला ते चटकन कळावे अशी सोय स्वतःच्याच हाताने करून ठेवली. आधीच्या हाताने दोष दिसू नये म्हणून रंग दिला होता; या हाताने दोष दिसावा म्हणून दिला. दोन्ही रंग एकाच जागी, गाडीच्या पोटाखाली, जेथे कोणी वाकून पाहत नाही तेथेच लागले होते. पहिल्याला कोणी पाहणार नाही याचा भरवसा होता. दुसऱ्याला घाट उतरणाऱ्या माणसांची काळजी होती.

मामांनी टायर बदलले. आठ दिवसांनी मीच गाडीबरोबर गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी पान्याने चारही बोल्ट तपासले, विजेरी धरून करड्या रंगावरून बोट फिरवले, आणि पैसे न घेता आम्हाला जायला सांगितले. त्याच रात्री क्रेट भरून गाडी कल्याणला गेली. घाटात धुके दाटले होते, आणि मागच्या बाजूला आमच्या वस्तीतली चार माणसे ताडपत्रीखाली निश्चिंत झोपली होती.