सहा वर्षांच्या पोरीचा वरण-भात का बंद केला?

आमच्या ओट्यावर गेलं दीड वर्ष वजनकाटा आहे. लेकीचं प्रत्येक जेवण त्यावर ग्रॅममध्ये मोजलं जातं. लोणी, साय, खोबरेल तेल, अंडं, थोडी पालेभाजी. वरण-भात, पोळी, केळं, बिस्कीट पूर्ण बंद. "एवढ्याशा पोरीचे हाल करताय" असं बरेच जण बोलले, म्हणून लिहितोय.

तिला अपस्मार आहे. तीन औषधं झाली, तरी दिवसाला दहा-बारा फिट्स. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबत नाहीत, असं साधारण तिघांतल्या एका रुग्णाचं होतं.

अशा मुलांसाठी किटोजेनिक आहार हा उपचार आहे, वजन घटवायचं फॅड नाही. उपाशीपोटी फिट्स कमी होतात हे जुनं निरीक्षण. त्यावरून १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी हा आहार सुचवला. स्निग्ध पदार्थ भरपूर, साखर-पिष्ट नावाला. मग शरीर चरबी जाळतं आणि मेंदूला कीटोनचं इंधन मिळतं. २००८ साली लंडनमधल्या चाचणीचे निकाल आले. तीन महिन्यांत आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या, आहार न दिलेल्यांत फक्त ६ टक्के.

म्हणजे सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आमच्या लेकीला आला. आता आठवड्याला एखादी फिट, आणि ती शाळेत जाते.

एकदा आजीने मायेने खोकल्याचं गोड सिरप दिलं. दुसऱ्या दिवशी लघवीतले कीटोन उतरले, दोन फिट्स आल्या. आई रात्रभर रडली. आज तीच लोणी मोजते.

पण कृपा करून हे घरी स्वतः सुरू करू नका. आधी तपासण्या लागतात, काही चयापचयाच्या आजारांत हा आहार घातक ठरतो. बद्धकोष्ठता, मूतखडा, वाढ मंदावणं हे त्रास होऊ शकतात. मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघंही लागतात.

खरी अडचण इथेच आहे. दर तपासणीला आम्ही मजुरी बुडवून शहरात जातो. लोण्याचे पैसे कसेबसे जमतात, पण हिशोब मांडून देणारा माणूस जवळ नाही. जिल्हा रुग्णालयात याचं प्रशिक्षण घेतलेला एक आहारतज्ज्ञ असावा, एवढंच मागणं. आपापल्या आमदारांना विचाराल का?

आणि कुणाला फिट आली तर चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.