पुढच्या पत्रावर सही करण्याआधी



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात आपल्या पालकांच्या ग्रुपवर सह्यांसाठी एक पत्र फिरत होतं. मागणी अशी की प्राथमिक शाळेच्या वाचनकोपऱ्यातलं 'अँड टँगो मेक्स थ्री' हे चित्रपुस्तक काढून टाकावं. काहींनी सही केली, काहींनी मला खासगीत विचारलं, "तू स्कूल गव्हर्नर आहेस ना, तुझं काय मत?" त्याच आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला, "'डॉक्टर हू' आता मुलांबरोबर बघण्यासारखं राहिलंय का गं?" मला दोन्ही प्रश्न एकाच घरचे वाटले, म्हणून एकत्रच लिहिते.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: मी पुण्यात सीए झाले, इंग्लंडमध्ये येऊन सोळा वर्षं झाली, दोन मुलं आहेत, तेरा आणि नऊ वर्षांची. शाळेत मी फायनान्स कमिटीवर आहे, बिनपगारी. साहित्य किंवा समाजशास्त्र हा माझा प्रांत नाही. हिशेब तपासणं हा आहे, आणि त्याच नजरेने हे लिहितेय.

आधी पुस्तक. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो नावाचे दोन नर पेंग्विन जोडीने राहत होते. रखवालदाराने त्यांना एक अंडं दिलं, दोघांनी ते आळीपाळीने उबवलं, त्यातून टँगो नावाचं पिल्लू आलं. घडलेली गोष्ट आहे, २००५ साली तिचं पुस्तक झालं. शरीरसंबंधांचा त्यात उल्लेखही नाही. तरी अमेरिकेत फ्लोरिडाच्या एस्कॅम्बिया काउंटीने हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून काढलं. पेन अमेरिका ही संस्था अशा घटना मोजते. २०२३-२४ या एका शालेय वर्षात तिने १०,०४६ नोंदी केल्या. पुस्तक काढलं किंवा त्यावर निर्बंध घातले की एक नोंद. या पुस्तकांमध्ये समलिंगी पात्रं असलेली आणि वंशभेदाबद्दल बोलणारी पुस्तकं ठळकपणे दिसतात.

"ते अमेरिकेत, इथे तसं नाही," असं म्हणून आपण इंग्लंडवाले सुटत नाही. या देशाने हा प्रयोग पंधरा वर्षं करून पाहिलाय.

तेव्हाही सुरुवात एका चित्रपुस्तकापासूनच झाली होती. 'जेनी लिव्ह्ज विथ एरिक अँड मार्टिन' हे मूळ डॅनिश पुस्तक, इंग्रजीत १९८३ मध्ये आलं. पाच वर्षांची जेनी, तिचे बाबा मार्टिन आणि त्यांचा जोडीदार एरिक. कपडे धुवायला जातात, एरिकचा वाढदिवस करतात, बस. लंडनच्या शिक्षण खात्याच्या एका केंद्रात त्याची प्रत असल्याची बातमी १९८६ मध्ये वृत्तपत्रांनी छापली आणि गदारोळ झाला. दोन वर्षांनी, मे १९८८ मध्ये, 'सेक्शन २८' हे कलम लागू झालं. स्थानिक परिषदांनी समलैंगिकतेचा 'प्रचार' करायचा नाही, आणि सरकारी शाळांत असं नातं कुटुंब म्हणून स्वीकारार्ह असल्याची शिकवण पुढे करायची नाही. कायद्याच्या भाषेत ते 'बनावट कौटुंबिक नातं' होतं. आमच्या धंद्यात बनावट हा शब्द खोट्या बिलांसाठी वापरतात. इथे तो जेनीच्या घरासाठी वापरला होता.

आता हिशेबाची बाजू बघा. या कलमाखाली एकाही परिषदेवर यशस्वी खटला झाला नाही. पंधरा वर्षांत शून्य. कागदावर पाहिलं तर वाटेल, कायदा निरुपद्रवी होता, उगाच आरडाओरडा. पण शाळांमधून काय झालं? कलम परिषदांना उद्देशून होतं, एकेकट्या शिक्षकाला नव्हे, तरी शिक्षक गप्प झाले. एखाद्या मुलाला 'गे' म्हणून चिडवलं तर मध्ये पडावं की नाही, हेच त्यांना कळेना. ग्रंथपालांनी पुस्तकं मागवलीच नाहीत. न मागवलेल्या पुस्तकाची नोंद कुठल्या रजिस्टरला होते?

ऑडिटमध्ये आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की वहीत लिहिलेली रक्कम खरी आहे का, हे तपासणं सोपं. व्हाउचर मागा, टाळा लावून बघा. अवघड असतं ते वहीत नसलेलं शोधणं, उदाहरणार्थ दडवलेलं देणं. त्यासाठी वहीच्या बाहेरून सुरुवात करावी लागते. बंदीचंही असंच असतं. काढलेली पुस्तकं मोजता येतात. न घेतलेली, न वाचलेली, न बोललेली मोजता येत नाहीत, आणि माझ्या मते खरा खर्च तिथेच बसतो.

हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली रद्द झालं, इंग्लंड-वेल्समध्ये १८ नोव्हेंबर २००३ ला. ज्या पक्षाने ते आणलं त्याचेच नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी २००९ मध्ये त्याबद्दल माफी मागितली.

आता 'डॉक्टर हू'कडे येते. टीव्ही मालिकांना हे कलम लागू नव्हतं. त्यामुळे शाळेत जे बोलता येत नव्हतं ते टीव्हीवर दाखवता येत होतं, आणि रसेल टी. डेव्हिस या लेखकाने कलम असतानाच, १९९९ मध्ये, 'क्वियर ॲज फोक' ही प्रौढांसाठीची मालिका दाखवलीसुद्धा. पुढे त्यानेच २००५ मध्ये 'डॉक्टर हू' परत आणलं. शनिवार संध्याकाळ, बीबीसी वन, सगळं घर सोफ्यावर. त्यात कॅप्टन जॅक हार्कनेस आला, एक्कावन्नाव्या शतकातला माणूस. कोण कुणावर प्रेम करतं हा प्रश्न त्याच्या काळात कुणाला पडतच नाही. १८ जून २००५ च्या भागात डॅलेकांशी लढायला जाताना तो रोझचा चुंबन घेऊन निरोप घेतो आणि डॉक्टरचाही तसाच. तारीख बघा, कलम रद्द होऊन बरोबर एकोणीस महिने. जी गोष्ट ग्रंथालयाच्या फळीवर ठेवायला लोक घाबरत होते ती शनिवारी संध्याकाळी आजी-आजोबांसकट सगळ्यांनी बघितली.

विज्ञानकथेला हे जमतं, कारण तिथे परके असणं हाच रोजचा विषय असतो. २०१४ च्या एका भागात मॅडम व्हास्ट्रा ही सरड्यासारखी दिसणारी बाई आणि तिची बायको जेनी यांचं चुंबन आहे. ऑफकॉमकडे सहा तक्रारी आल्या, चौकशी झाली नाही. सिंगापूरच्या नियमांपायी आशियातल्या प्रसारणातून मात्र तेवढा तुकडा कापला गेला. हिरव्या खवल्यांची बाई व्हिक्टोरियन लंडनमध्ये तलवार घेऊन फिरते, त्याबद्दल हरकत नाही. तिची बायको बाई आहे, याबद्दल हरकत!

आता आपल्या जवळचं उदाहरण. २०१८ मधला 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग आपल्यापैकी किती जणांनी मुलांना मुद्दाम बसवून दाखवला! विनय पटेलने लिहिलेला, फाळणीवरचा. यास ही शेफिल्डची पाकिस्तानी वंशाची मुलगी आपल्या आजीचा भूतकाळ बघायला १९४७ मध्ये जाते. ग्रुपवर तेव्हा केवढं कौतुक झालं होतं, आपला इतिहास बीबीसीवर आला म्हणून. हीच यास १ जानेवारी २०२२ च्या भागात कबूल करते की तिचं डॉक्टरवर प्रेम आहे, आणि तेव्हा डॉक्टर बाई आहे. त्या भागाबद्दल ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. मुलगी तीच होती, आजी तीच होती. फाळणीपुरती ती आपली होती.

एक प्रसंग सांगते, त्याची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही अशा बेताने. मी ओळखीतल्या काही तरुण मुलांचे टॅक्स रिटर्न बघून देते. त्यातला एक, इथेच वाढलेला, मला म्हणाला, "काकू, मी गे आहे. आईबाबांना अजून सांगितलं नाही." मी विचारलं, चिडतील असं वाटतं का? तर म्हणाला, "माहीतच नाही, तोच प्रॉब्लेम आहे. आमच्याकडे याबद्दल कुणी कधी वाईट बोललं नाही. फक्त टीव्हीवर असं काही आलं की बाबा पाणी प्यायला उठायचे."

त्याच्या बाबांना मी ओळखते. प्रेमळ माणूस. त्यांनी काही मनाई केलेली नव्हती. पण मुलाने त्या उठून जाण्याचा अर्थ लावला आणि स्वतःवर एक कलम लावून घेतलं.

मग येतात नेहमीच्या हरकती, आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत.

पहिली: "मुलं लहान आहेत, योग्य वेळी आमचं आम्ही सांगू." हा तुमचा हक्कच आहे. पण इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे. लैंगिक शिक्षणातून मुलाला काढून घेता येतं, यातून येत नाही. म्हणजे वर्गात विषय निघणार, मैदानावर तर निघतोच. शिवाय स्वतःच्या मुलासाठी निर्णय घेणं वेगळं आणि सगळ्या वर्गाच्या फळीवरून पुस्तक उचलणं वेगळं. आपल्या मुलांच्या वर्गांत दोन आई किंवा दोन बाबा असलेली घरं आहेत. त्यांच्या वाढदिवसाला आपण सगळे जाऊन आलोय, रिटर्न गिफ्ट घेऊन आलोय. त्या घरातल्या मुलाला आपण काय सांगणार? तुझ्याकडचा केक चालतो, तुझ्या घरासारखं घर पुस्तकात चालत नाही?

दुसरी: "हे पाश्चात्त्यांचं, आपल्यात नव्हतं." आपल्याकडचं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. त्यांनी स्वतःकडचा कायदा १९६७ पासून सैल करायला घेतला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ चा तो भाग ६ सप्टेंबर २०१८ ला काढला. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, म्हणजे सेक्शन २८ च्याही आधी. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची, आणि ती मराठीतच लिहिलेली आहे. आणि 'डॉक्टर हू'चा अगदी पहिला भाग, २३ नोव्हेंबर १९६३ चा, दिग्दर्शित केला तो लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. ते स्वतः गे आहेत. तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि इंग्लंडमध्ये पुरुषांमधले असे संबंध गुन्हा होते. ज्या मालिकेत हे 'आता घुसवलंय' असं आपण म्हणतो, तिचा पाया घालणाऱ्यांत असा एक भारतीय होता.

शाळेचं काय झालं ते सांगते. बैठकीतलं बोलणं मला उघड करता येत नाही. निर्णय जाहीर आहे: पुस्तक जागेवर राहिलं. सही करणाऱ्या सगळ्यांना शाळेत येऊन ते वाचायला बोलावलं होतं. अकरापैकी चौघं आले. त्यातल्या एक आजी वाचून झाल्यावर म्हणाल्या, "पेंग्विनच आहेत की. मला वाटलं काय असेल!" दुसऱ्या एका बाबांचं मत बदललं नाही. त्यांच्याशीही नीट बोलणं झालं. ते वाचून असहमत झाले, याचा मला आदर आहे.

आता एक छोटा हिशेब. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्यांदाच हा प्रश्न विचारला गेला. सोळा वर्षांवरच्या ३.२ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे १५ लाख जणांनी, आपण गे, लेस्बियन, बायसेक्शुअल किंवा तत्सम असल्याचं लिहिलं. हा दर आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण मंडळाच्या दिवाळीला मोठी माणसं तीनशे धरा. नऊ-दहा जण होतात. त्यातली किती नावं तुम्हाला ठाऊक आहेत? मला एक ठाऊक आहे, तेही टॅक्स रिटर्नमुळे. बाकीचे आपल्या वहीत नाहीत.

गल्फमधल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडचे नियम वेगळे आहेत. २०२२ मध्ये एका चुंबनावरून 'लाइटइयर' हा मुलांचा सिनेमा यूएईत दाखवू दिला नाही. कायदा पाळावाच लागतो. पण घरातल्या सोफ्यावर आपण उठून जायचं की बसून राहायचं, हे कुठलंच सरकार ठरवत नाही.

माझं मागणं फार नाही. मुलांबरोबर काही बघताना असा प्रसंग आला तर रिमोट उचलू नका, पाणी नंतर प्या. भाषण देऊ नका, मुलं त्याने जास्त पळतात. "ही दोघं एकमेकांना शोभतात," एवढं एक वाक्य पुरतं. तेवढंही जमत नसेल तर नुसतं बसून राहा. आणि पुढचं पत्र आलं की सही करायची असेल तर जरूर करा, पण पुस्तक आधी स्वतः वाचा.

टँगोची एक प्रत माझ्याकडे आहे. हवी असेल त्यांनी मेसेज करा, फक्त ३१ जानेवारी होऊन जाऊ द्या, तोवर मी रिटर्नच्या ढिगाऱ्याखाली असते.