कोलोरॅडोतला जुना बाजार

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर वसले आहे. कोलोरॅडो राज्याच्या विधानभवनाच्या पायरीवर ही उंची कोरून ठेवलेली आढळते. शहराच्या पूर्वेला नजर पोहोचेल तिथवर सपाट माळ आणि पश्चिमेला रॉकी पर्वताची निळसर भिंत, अशा दोन टोकांच्या मधोमध हे शहर उभे आहे. ऑक्टोबर उजाडला की त्या भिंतीचे माथे पांढरे होऊ लागतात आणि त्याच सुमारास गावोगावच्या शाळांच्या व्यायामशाळांत एक बाजार भरू लागतो. तेथील लोक त्याला ‘स्की स्वॅप’ म्हणतात. ज्याने पुण्याचा जुना बाजार पाहिला आहे, त्याला दारातून आत पाऊल टाकताच तो ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की येथे पितळेची भांडी आणि जुनी घड्याळे नसतात. भिंतीला टेकून ओळीने उभ्या असतात त्या शेकडो स्की.

स्की म्हणजे बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना जोडायच्या दोन लांब, अरुंद फळ्या. मुलांची उंची वाढली, कोणाचा छंद सुटला, कोणी नवी जोडी घेतली की जुनी येथे विक्रीला येते. विकणारा आदल्या दिवशी आपला माल मंडळाकडे सोपवतो आणि किमतीची चिठ्ठी बांधून निघून जातो. विक्रीतला ठरलेला हिस्सा मंडळ ठेवून घेते आणि बहुधा मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरते.

अशाच एका बाजारात सांगलीहून आलेले एक निवृत्त व्यापारी लेकीबरोबर आणि अकरा वर्षांच्या नातीबरोबर शिरले. घरात सारे त्यांना अण्णा म्हणत. चाळीस वर्षे हळदीच्या पेठेत काढलेला हा माणूस. हळकुंड मोडताना होणारा आवाज आणि आतला रंग यांवरून मालाची प्रत सांगणारा. नातीने यंदा शाळेच्या स्की-गटात नाव घातले होते आणि तिला स्वतःची जोडी घेऊन द्यायची, या निश्चयाने अण्णांनी निघतानाच काही रक्कम वेगळी काढून ठेवली होती. नवी कोरी जोडी, हे वेगळे सांगायला नको.

“पहिल्यांदा काही देतोय पोरीला, ते दुसऱ्याच्या पायातलं उतरलेलं द्यायचं?” असे त्यांनी लेकीला आदल्या रात्री विचारले होते.

“अण्णा, पुढच्या वर्षी ती चार बोटं वाढेल. नवी जोडी तेव्हा आपणच इथे आणून विकणार. मग ती जुनी होण्याचा खर्च आपण कशाला सोसायचा?” लेकीने उत्तर दिले. व्यापाऱ्याच्या लेकीचे हे उत्तर अण्णांना मनातून पटले. फक्त त्यांनी तसे बोलून दाखवले नाही.

घरात हिशेब झाला होता. दुकानात बाइंडिंगसह नवी जोडी ४२० डॉलरला पडत होती. पूर्ण हंगामासाठी भाड्याने घेतली तर १६० डॉलर. त्यात माप आणि तपासणी यांची जबाबदारी दुकानाची, पण वसंतात हात रिकामे. जुनी जोडी शंभराच्या आसपास आणि वर तपासणीचे ४० डॉलर. शिवाय पुढच्या वर्षी विकून काही रक्कम परत. आकड्यांपुरते पाहिले तर जुनी जोडी उजवी ठरत होती. पण या घरात प्रश्न केवळ आकड्यांचा नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी जावयांनी अशीच एक जुनी जोडी स्वस्तात उचलली होती. उतारावर तोल गेला, शरीर एका दिशेला वळले, स्की बुटापासून सुटली नाही आणि नडगीचे हाड मोडले. त्यांनी त्यानंतर स्कीला पाय लावला नव्हता. बाजाराला निघताना ते दारापर्यंत आले आणि इतकेच म्हणाले, “अण्णा, फळीचा रंग पाहू नका. ती पायातून सुटते कशी, ते पाहा.”

या राज्यात जुन्या स्कींना कमीपणा नाही, आणि त्याला इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने डोंगरी लढाईसाठी दहावी माउंटन डिव्हिजन उभारली. तिच्या सरावासाठी १९४२ मध्ये लेडव्हिल गावाजवळ सुमारे ९,२०० फूट उंचीवर कॅम्प हेल ही छावणी वसवण्यात आली. तेथे स्कीवर तयार झालेले सैनिक १९४५ च्या आरंभी इटलीच्या अपेनाइन पर्वतात लढले. युद्ध संपल्यावर बर्फात दिसू नयेत म्हणून पांढऱ्या रंगवलेल्या लष्करी स्की मोठ्या प्रमाणावर शिल्लक उरल्या आणि अगदी अल्प किमतीत सामान्यांच्या हाती आल्या. परतलेल्या सैनिकांपैकी काहींनी याच पर्वतांत स्कीची केंद्रे उभारली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या अरापाहो बेसिनच्या संस्थापकांत या डिव्हिजनचे लॅरी जंप होते. १९६२ मध्ये सुरू झालेल्या व्हेलमागे इटलीत जखमी झालेले पीट सीबर्ट होते. आज श्रीमंतांचा मानला जाणारा हा खेळ अमेरिकेच्या सामान्य घरांत पोहोचला, त्यात सैन्याने काढून टाकलेल्या त्या जुन्या फळ्यांचा मोठा वाटा होता.

बाजारात अण्णांनी लेकीला विचारले, “विकणारा कुठाय?”

“तो नसतो इथे. फक्त चिठ्ठी असते.”

अण्णांना हे चमत्कारिक वाटले. पेठेत आधी माणूस पारखायचा आणि मग माल, ही त्यांची रीत. येथे माणसाच्या जागी दोरीला बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. तरीही त्यांचे हात कामाला लागले. मंडळातल्या एका वयस्क स्वयंसेवकाने त्यांची पारखी नजर ओळखली आणि तो एकेक गोष्ट दाखवू लागला. लेक भाषांतर करीत होती. पण बऱ्याच गोष्टी अण्णांना भाषांतराआधीच कळत होत्या.

दोन्ही स्की तळाला तळ लावून धरायच्या. निरोगी जोडी टोकांशी टेकते आणि मध्ये बारीक फट राहते. दाबले की ती फट मिटते आणि सोडले की पुन्हा उघडते. एका फळीची कमान मेली असेल, तर जोडी लगेच चुगली करते. कडेला बसवलेली पोलादी धार बोटाने चाचपून पाहायची. वरवरचा गंज घासून निघतो. मात्र धार झिजून कागदासारखी झाली असेल किंवा तिला तडा गेला असेल, तर ती जोडी ठेवून द्यावी. तळ प्लास्टिकचा असतो. त्यावरचे ओरखडे भरता येतात. पण आतले लाकूड दिसू लागले, तर तिथून पाणी शिरते. कडेचे थर सुटू लागले असतील, तर किंमत कितीही कमी असो, ती महागच. एका कोपऱ्यात दोन मीटरहून लांब, सरळसोट स्की अगदी मातीमोल भावात पडून होत्या. १९९० च्या दशकात मध्ये निमुळत्या आणि टोकांना रुंद स्की आल्या, वळणे घेणे सोपे झाले आणि त्या जुन्या लांब फळ्यांचे दिवस संपले. त्यांचे लाकूड अजून उत्तम होते; फक्त त्यांना पाय उरले नव्हते.

तासाभराने अण्णांनी एक जोडी निवडली. चकचकीत निळी, धार शाबूत, कमान जिवंत, किंमत ६० डॉलर. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘जवळजवळ नवी’. लांबीही नातीच्या मापापेक्षा थोडी जास्त. अण्णांना तोच तिचा गुण वाटला. “वाढत्या अंगाची आहे. दोन वर्षं पुरेल.” आठवड्यापूर्वी बुटांच्या दुकानातही त्यांनी एक माप मोठा बूट सुचवला होता. तिथल्या मुलीने हसून नकार दिला होता. बुटात पाय हलला तर स्की पायाचे ऐकत नाही, असे तिचे म्हणणे. फ्रॉक वाढत्या मापाचा घ्यावा, परकर खाली दुमडून शिवावा, ही घराघरांतली शहाणी काटकसर येथे मात्र धोक्याची होती. लांब स्की हलक्या अंगाच्या मुलीला वळवता येत नाही, हे स्वयंसेवकाने पुन्हा सांगितले.

तरीही किमतीचा मोह सुटेना. जोडी दुरुस्तीच्या मेजावर गेली. तिथल्या तंत्रज्ञाने फळीकडे पाहिलेही नाही. त्याने बाइंडिंगवरचे नाव वाचले, समोरची यादी चाळली आणि मान हलवली.

बाइंडिंग म्हणजे बूट आणि फळी यांना जोडणारा सांधा. त्याची कामे दोन: धरणे आणि सोडणे. जुन्या काळी ते फक्त धरून ठेवीत असे आणि पडणाऱ्याचा पाय मोडे. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत ओरेगन राज्यात स्थायिक झालेले ह्याल्मार व्हाम १९३७ मध्ये माउंट हूडवर पडून स्वतःच पाय मोडून बसले. त्यानंतर त्यांनी वेळेवर सुटणारे बाइंडिंग तयार केले आणि १९३९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आजच्या बाइंडिंगमधली स्प्रिंग किती जोराला सुटावी, याचा एक आकडा असतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि खेळणाऱ्याची सफाई यांवरून तो ठरतो. आकडा कमी पडला तर स्की भलत्या वेळी सुटते; जास्त झाला तर नको तेव्हा धरून ठेवते. स्प्रिंग आणि प्लास्टिक काळाने थकतात, म्हणून कोणत्या बाइंडिंगची जबाबदारी अजून घ्यायची, याची यादी उत्पादक देतात. यादीतून उतरलेल्या बाइंडिंगला जबाबदार दुकानदार हात लावत नाही.

निळ्या जोडीचे बाइंडिंग त्या यादीत नव्हते.

अण्णांनी ते अंगठ्याने दाबून पाहिले. “केवढं घट्ट आहे हे!” ते म्हणाले आणि मग स्वतःच थांबले. जन्मभर ‘घट्ट’ हा शब्द त्यांनी मालाची स्तुती म्हणून वापरला होता. दारापाशी उभे राहिलेले जावई त्यांना आठवले. त्यांनी जोडी उचलली आणि काही न बोलता जागच्या जागी नेऊन ठेवली.

दुसरी जोडी नातीला सापडली. रंग थोडा उडालेला, लांबी तिच्या हनुवटीपर्यंत, किंमत ११० डॉलर. चिठ्ठीवर कोणा अनोळखी हाताने बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘दोन हंगाम वापरली. डाव्या स्कीच्या तळाला मोठा ओरखडा होता, भरून घेतला आहे.’ अण्णांनी स्की उलटी केली. ओरखडा शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला. सांगितला नसता तर दिसलाच नसता.

“ही घ्या,” ते म्हणाले. विकणाऱ्याचा चेहरा त्यांना अखेर दिसला होता.

मेजावर बाइंडिंग यादीत निघाले. नातीचे वजन, उंची आणि वय लिहून घेतले गेले, तिचा बूट यंत्रावर अडकवून दोन्ही दिशांना पीळ देण्यात आला. ठरलेल्या जोराला ‘खट्’ असा कोरडा, स्वच्छ आवाज होऊन बूट मोकळा झाला. अण्णांनी लेकीकडे पाहिले. उत्तम वाळलेले हळकुंड मोडताना असाच आवाज होतो.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी सारे कुटुंब डेन्व्हरहून पश्चिमेच्या महामार्गाला लागले. रस्ता सोन्याच्या शोधात वसलेल्या आयडाहो स्प्रिंग्ज आणि खाणींच्या जॉर्जटाउन गावांवरून चढत जातो. पुढे ११,००० फुटांहून अधिक उंचीवर १९७३ मध्ये खुला झालेला आयझनहॉवर बोगदा डोंगराच्या पोटात शिरतो. बोगद्याच्या अलीकडे, महामार्गाला खेटूनच लव्हलँडचे उतार आहेत. हवा इतकी विरळ की जिना चढतानाही अण्णांना थांबावे लागे. जावई त्यांच्याबरोबर खालच्या कठड्याशी उभे राहिले.

तिसऱ्या फेरीत नात पडली. वळताना डावी स्की बर्फात रुतली, शरीर पुढे फेकले गेले आणि क्षणभर उडालेल्या बर्फात काहीच दिसेना. जावयांचा हात अण्णांच्या मनगटावर घट्ट आवळला गेला. मग बर्फ खाली बसला. डावी स्की सुटून दोन हातांवर पडली होती. बूट निघताच खाली आलेल्या ब्रेकच्या दांड्यांनी ती जागीच रोखली गेली होती. नात उठून बसली, अंगावरचा बर्फ झटकला, स्की उचलली, बूट त्यात दाबून बसवला आणि पुन्हा घसरू लागली. खाली आल्यावर ती ओरडली, “आजोबा, सुटली!” जावयांनी अण्णांचे मनगट तेव्हा कुठे सोडले.

पुढच्या ऑक्टोबरात अण्णा सांगलीला होते. नात खरोखरच चार बोटे वाढली होती आणि तीच जोडी पुन्हा बाजाराला निघाली होती. फोनवर तिने सांगितले, “आजोबा, नव्वद डॉलर किंमत लावलीय. बाइंडिंग यंदाही यादीत आहे, तेही लिहिलंय.”

“बरं केलंस,” अण्णा म्हणाले. “आणि डाव्या तळाच्या ओरखड्याचं?”

“ते सगळ्यात आधी लिहिलंय, आजोबा.”