तेरेखोलच्या काठी शिकलेल्या गाठी

गोव्याचा नकाशा उघडून त्याच्या उत्तर टोकाकडे पाहिले असता एक गंमत आढळते. तेरेखोल नदी ही गोवा आणि महाराष्ट्र यांची सीमा. परंतु नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूस, गोव्याचा एक चिमुकला तुकडा राहून गेला आहे. समोर समुद्र, डाव्या हातास नदी आणि पाठीशी रेडी गाव. तेवढ्या जागेत एक टेकडी, टेकडीवर एक किल्ला, किल्ल्यात एक चर्च आणि पायथ्याशी थोडी घरे, एवढेच तेरेखोल.

बेळगावकडून येणाऱ्यास आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी गाठावी लागते. तेथून शिरोड्यावरून रेडीस, आणि रेडीहून तेरेखोलास. वाटेत शिरोड्याची मिठागरे लागतात. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो येथेच. गोव्यातून येणाऱ्याने म्हापसे, पेडणे करीत केरीच्या धक्क्यावर यावे आणि फेरीबोटीने नदी ओलांडावी. केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची रांग आहे. त्या झाडांतून पलीकडे पाहिले म्हणजे जांभ्या दगडाचा किल्ला आणि त्यातील चर्चचा पांढरा दर्शनी भाग उन्हात झळकताना दिसतो.

हा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी येथे शिरून तिरंगा उभारला होता. किल्ल्यातील चर्च संत अंतोनीचे आहे. हा संत १२३१ साली निवर्तला. त्याच्याविषयी एक जुनी आख्यायिका आहे. इटलीतील रिमिनी नगरीचे लोक त्याचे प्रवचन ऐकेनात, तेव्हा नदी जेथे समुद्रास मिळते तेथे जाऊन त्याने माशांनाच उपदेश केला, आणि मासे पाण्याबाहेर डोकी काढून ऐकू लागले. तेरेखोलची नदीही याच किल्ल्याखाली समुद्रास मिळते. येथील चर्च अंतोनीच्या नावाने असणे यापेक्षा शोभून दिसणारे दुसरे काय असू शकेल?

किल्ल्याखालच्या खडकांवर भरतीच्या वेळी माणसे गळ टाकून बसतात. सह्याद्रीतून निघून बांद्यावरून आलेले गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी येथे एकमेकांत मिसळते. भरतीच्या लोंढ्याबरोबर चोणक, तांबोशी, शेवटे असे मासे आत शिरतात. चोणक हा मासा मोठा बलवान. गळाला लागताच पाण्याबाहेर उसळी घेतो आणि डोके झटकतो. तांबोशी सरळ खडकाच्या कपारीत शिरू पाहते. अशा वेळी काठी किती महाग, दोरी किती जाड, याला फारशी किंमत उरत नाही. सगळा भार येऊन पडतो तो गळ आणि दोरी यांच्यामधल्या तांदळाएवढ्या गाठीवर.

त्या खडकांवर मला एक वृद्ध गृहस्थ भेटले. वय ऐंशीच्या घरात, परंतु बोटे अशी चालत की पाहत राहावे. दोन दुपारी त्यांच्याजवळ बसून मी जे शिकलो, ते आपल्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेखप्रपंच. घटप्रभा-मलप्रभेच्या काठी आणि आपल्या गावतळ्यांवरही मुले गळ घेऊन बसतातच. त्यांनाही याचा उपयोग होईल.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दोरी तुटते ती बहुधा मध्ये तुटत नाही, गाठीपाशी तुटते. दोरी वळली, पिळली, स्वतःवरच दाबली गेली की त्या जागी तिचे बळ कमी होते. नायलॉनच्या दोरीला नुसती साधी गाठ पडली, तर तिची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. वाऱ्याने वा घाईने दोरीत आपोआप पडलेली अशी एखादी गाठ दिसली, तर तेवढा तुकडा कापून टाकावा. "बघू, टिकेल," म्हणू नये.

आमच्या आजोबांच्या काळी दोरी सुताची किंवा तागाची असे. जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून मुरवीत. सुती दोरी पाण्यात फुगते, खरखरीत असते, त्यामुळे कशीही गाठ मारली तरी ती थोडीबहुत धरून राहते. पुढे १९३५ साली अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला आणि कालांतराने तो आपल्या कोळीवाड्यांतही आला. आपण ज्याला तंगूस म्हणतो ती दोरी मजबूत खरी, कुजत नाही हेही खरे. परंतु ती काचेसारखी गुळगुळीत. जुनी गाठ तिच्यावरून घसरून सुटते. म्हणून तंगुसाला वेगळी गाठ लागते.

गळाची गाठ अशी. दोरीचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवून वीतभर बाहेर काढावे. ते टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळावे. मग ते मागे आणून नेढ्यालगत जो पहिला लहान फासा राहिलेला असतो त्यातून घालावे. असे केल्याने बाजूस एक मोठा फासा तयार होतो. तेच टोक त्या मोठ्या फाशातूनही काढावे. आता मूळ दोरी सावकाश ओढावी. वेढे एकमेकांवर न चढता स्प्रिंगसारखे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. बसले नाहीत, तर गाठ कापून पुन्हा मारावी. शेवटी उरलेले टोक अगदी मुळाशी न कापता तांदळाच्या दाण्याएवढे ठेवावे.

याहून सोपी दुसरी एक गाठ आहे. अंधारातही मारता येते. दोरी दुमडून दुहेरी करावी आणि तो दुमडलेला भाग नेढ्यातून ओवावा. त्या दुहेरी दोरीचीच एक सैल साधी गाठ मारावी. मग पुढे उरलेल्या फाशातून आख्खा गळ पार करून घ्यावा, आणि दोन्ही पदर धरून ओढावे. ज्याची दृष्टी अधू झाली आहे त्याने हीच गाठ मारावी.

दोन्ही गाठींना एकच पथ्य आहे. मी पहिली गाठ मारून ती ओढणार, तोच आजोबांनी माझा हात धरला.

"फादरानू, सुकी गाठ ओढूची नाय. आदी भिजवची, मगे ओढूची."

त्याचे कारण मला मागाहून उमगले. सुकी दोरी घाईने ओढली म्हणजे घासून तापते, आणि त्या उष्णतेने तंगुसाचे बळ तेथेच नष्ट होते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. गाठ घट्ट दिसते, सुबक दिसते. परंतु ती आतून जळलेली असते आणि पहिल्या मोठ्या माशाला दगा देते. म्हणून ओढण्यापूर्वी गाठ पाण्याने भिजवावी, आणि ओढून झाल्यावर गळ कशात तरी अडकवून बेताने ताण देऊन पाहावा. सुटायची असेल तर ती हातात सुटावी, पाण्यात नव्हे.

आपल्या मराठीत गाठींची दोन नावे आहेत. ओढताच सुटते ती सुरगाठ आणि सहसा सुटत नाही ती निरगाठ. आजोबांजवळ मी तिसरीही पाहिली. ती ताणाखाली सरकत नाही, आवळत नाही. परंतु काम झाल्यावर बोटांनी सहज सोडविता येते. तिचा एक स्थिर फासा होतो. दोरीवर एक लहानसा वळसा करावा. टोक त्या वळशातून खालून वर काढावे, उभ्या दोरीच्या मागून फिरवावे आणि पुन्हा त्याच वळशातून खाली घालावे. एवढेच. होडी खुंट्याला बांधायची ती याच गाठीने. आणि पाण्यात पडलेल्या माणसास दोरी टाकायची तीही याच गाठीने. कारण हा फासा काखेखालून अंगाभोवती घातला, तर कितीही ओढले तरी तो छातीस आवळत नाही आणि सुटतही नाही.

"ही गाठ कोणाकडून शिकलात?" असे मी विचारले. ते काही वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. तरुणपणी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ याच खडकांवर गळ टाकीत होते. पावसाळा तोंडावर होता. एक लाट आली आणि भावाला घेऊन गेली. वरून लोकांनी दोरी टाकली. भावाने ती अंगाभोवती घेतली. ओढता ओढता घाईने मारलेली ती गाठ उकलली. तिसऱ्या दिवशी केरीच्या वाळूवर देह मिळाला. पुढे एका जहाजावरच्या खलाशाकडून ते ही गाठ शिकले, आणि तेव्हापासून गावातले जे मूल त्यांच्याकडे गळ मागायला येते, त्यास ते प्रथम ही गाठ शिकवितात. डोळे मिटून ती मारता आली, तरच हातात गळ देतात.

"गळाची गाठ पोटासाठी, ही गाठ माणसासाठी," ते म्हणाले.

त्यांच्या घरच्या ओसरीवर जाळे विणताना मी त्यांच्या सूनबाईंना पाहिले. एका हातात सुताने भरलेली लाकडी सुई, दुसऱ्या हातात डोळे सारख्या मापाचे यावेत म्हणून धरलेली पट्टी. वरच्या ओळीतील डोळ्यातून सूत वर काढायचे, त्याच्या मागून फिरवायचे आणि स्वतःच्याच सुताखाली दाबून आवळायचे. मी नीट निरखून पाहिले आणि चकित झालो. जाळ्याची गाठ आणि जीव वाचविणारा तो फासा यांची घडण एकच आहे! जाळ्यात ती दोन सुतांना जोडते, फाशात दोरी स्वतःलाच जोडली जाते, एवढाच फरक. जितका ताण अधिक, तितकी दोरी दोरीस घट्ट धरते.

ही विद्या किती पुरातन आहे! १९१३ साली त्या वेळच्या फिनलंडमध्ये, आता रशियात असलेल्या आंत्रेआ गावी, गाळात पुरलेले एक जाळे सापडले. झाडाच्या सालीच्या तंतूंचे ते जाळे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहे. मनुष्याला लोखंड माहीत नव्हते, चाक माहीत नव्हते, तेव्हा त्याला गाठ माहीत होती. आणि दहा हजार वर्षे ती पुस्तकातून नव्हे, एका हातातून दुसऱ्या हातात आली.

आपल्या प्रभूने आपले पहिले शिष्य निवडले ते गाठी मारणाऱ्यांतूनच. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करीत असता प्रभूने त्यांना हाक मारली. जाळी नीट करणे यासाठी तेथे जो ग्रीक शब्द आहे, तोच शब्द संत पौलाने करिंथकरांस लिहिताना वापरला आहे. त्या मंडळीत तट पडले होते, आणि त्यांनी पुन्हा एकमनाने सांधले जावे अशी त्याची विनवणी होती. सेमिनरीत हा शब्द मी व्याकरण म्हणून शिकलो होतो. त्याचा अर्थ मला तेरेखोलच्या ओसरीवर दिसला. फाटलेले जाळे कोणी फेकून देत नाही. जेथे तुटले तेथेच बसून, शेजारच्या धड डोळ्यांना धरून, एकेक गाठ पुन्हा घालतात.

घराचेही असेच आहे. आमच्याकडे भांडणे घेऊन येणारी कुटुंबे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. घर मध्ये कोठे तुटत नाही. ते सांध्यापाशी तुटते. सासू आणि सून, भाऊ आणि भाऊ, बाप आणि वयात आलेला मुलगा. आणि पुष्कळ वेळा कारण एवढेच असते की गाठ सुकी ओढलेली असते. लग्न घाईने, वाटणी घाईने, कठोर शब्द घाईने. थोडे थांबून, थोड्या ओलाव्याने तीच गाठ घातली असती, तर ती आयुष्यभर टिकली असती.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. त्या दिवसांत ओसरीवर बसून जाळी सांधण्याची चाल अजून काही घरांत आहे. बहुतेक घरांत ती मोडली. जाळी आता कारखान्यातून विणून येतात आणि मुले जहाजांवर किंवा आखातात जातात. त्याबद्दल त्यांना कोण बोल लावील? परंतु ज्या घरी एखादे वडीलधारे माणूस आहे आणि ज्याच्या बोटांना अजून गाठ आठवते, त्या घरच्या मुलांनी या पावसाळ्यात हातभर दोरी घेऊन त्याच्यापुढे बसावे. प्रथम तो स्थिर फासा शिकावा, मग गळाची गाठ. विहिरीवर, नदीवर, तळ्यावर केव्हा कोणाचा पाय घसरेल हे सांगता येत नाही. त्या वेळी दोरी सर्वांच्याच घरी असेल. गाठ ज्याला येत असेल, तोच उपयोगी पडेल.