पितळेची रेघ

चि. मैत्रेयी,

गाडीखाली झोपून काढलेल्या फोटोत काळ्या पत्र्यावर ती पिवळी रेघ कसली, असं तू विचारलंस. तो पत्रा म्हणजे इंजिनाच्या तळाचा चेंबर. सगळं ऑइल त्यातच साठतं. आणि रेघ पितळेची आहे, तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या वेळची.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी ही गाडी १९७४ पासून कागदोपत्री ‘पद्मिनी’ झाली, पण आपल्या घरात (आणि अर्ध्या मुंबईत) फियाटच राहिली. अण्णा दर गणपतीला गावी जायला तीच काढायचे. एका वर्षी चिपळूणच्या पुढे, गावच्या रस्त्यावर, पावसाने माती वाहून जांभ्याचा दगड वर आला होता. तो चेंबरला लागला. आवाज काही फार झाला नाही, पण ऑइलचा लाल दिवा लागला आणि अण्णांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. “घर दिसतंय, तेवढं न्या की!” आई म्हणाली. अण्णा ढिम्म. ऑइल गेलं की पंप नुसती हवा ओढतो, क्रँकची बेअरिंगं कोरडी घासतात आणि बघता बघता इंजिन जाम होतं. चेंबर त्यामानाने किरकोळ. गाडी दोरखंडाने ट्रकला बांधून चिपळुणात आणली.

तिथल्या वेल्डरचं काम मी उकिडवा बसून पाहिलं. चेंबर उतरवून आधी रॉकेलने, मग सोड्याच्या गरम पाण्याने धुतला, कारण तेलाचा अंश राहिला तर पितळ धरत नाही. पोचा आतून ठोकून काढला. हे दिसण्यासाठी नव्हे हं! पंपाची जाळी तळाच्या जेमतेम वर असते. तळ वर आला की तिचं तोंडच दाबलं जातं. मग चिरेवर टाकणखार लावून गॅसच्या ज्योतीवर पितळेची कांडी वितळवली. शेवटी चेंबरमध्ये रॉकेल भरून तो रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. रॉकेल ऑइलपेक्षा पातळ, बारीकशा चिरेतूनही झिरपतं. सकाळी कागद कोरडा होता.

यंदा गाडीखाली पुन्हा डाग पडू लागले. जो तो त्या पितळेच्या जोडाकडे बोट दाखवी, “नवा टाका.” मी चेंबर पुसून त्यावर टाल्कम पावडर मारली नि इंजिन चालू ठेवलं. ओघळ आला वरून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, जोड ठणठणीत. शिवाय बाजारात आता मिळतो तो डुप्लिकेट, पातळ पत्र्याचा. भोकं जुळली तर नशीब.

तरी चेंबर उतरवलाच, कारण कडेचं पॅकिंगही ओलसर होतं. वर्षानुवर्षं गच्च आवळून बोल्टांच्या भोकांभोवतीचा पत्रा वर ओढला गेला होता. तो सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने बसवला, नवं बुचाचं पॅकिंग लावलं. बोल्ट मधून कडेकडे, आलटून पालटून, पॅकिंग जरा दबेपर्यंतच. त्याहून आवळलं की बूच फाटून बाहेर येतं, हे आमच्या मेकॅनिकला पटवणं वेल्डिंगपेक्षा कठीण गेलं.

डिसेंबरात आलीस की चालव. आपल्या सोसायटीने गेटापाशी नवा स्पीडब्रेकर केलाय, गाढवासारखा उंच. तो तिरका घ्यायचा, आणि मागे तिघं बसले असतील तर दोघांना उतरवायचं.

तुझा,
नानाकाका