सासूबाईंची पहिली भाषा

सासूबाईंचं माहेर गोकाकचं. लग्नानंतर पन्नास वर्षं त्या घरात मराठीच बोलल्या. यजमानांच्या नोकरीपायी आम्ही सिल्वासाला आलो आणि वर्षभरात त्या कन्नडच बोलू लागल्या. मलाच म्हणत, "अव्वा, नीरु कोडु." मला वाटे, मुद्दाम करतात. मी रागाने मराठीतच उत्तर देई.

त्याच सुमारास लेकीने ‘स्वयम्’वर मानसशास्त्राच्या मूलतत्त्वांचा छोटा अभ्यासक्रम लावून दिला. रात्री भांडी आवरून मोबाईलवर धडे ऐकायची. वुंट यांची लाइपझिगची १८७९ची प्रयोगशाळा झाली, पावलॉव्हचा कुत्रा झाला. मग स्मृतीचा धडा आला. फ्रान्सच्या रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलंय : स्मृती ढासळताना नवं आधी जातं, जुनं शेवटपर्यंत टिकतं.

मी वही मिटली. त्याच आठवड्यात त्यांना वापीला डॉक्टरांकडे नेलं. निदान विस्मृतीच्या आजाराचंच निघालं.

पुढे परीक्षा दिली, प्रमाणपत्रही आलं. ते कपाटात आहे. निपाणीच्या बाजारात शिकलेलं माझं मोडकं कन्नड मात्र रोज लागतं. त्यांनी हाक मारली की पेला पुढे करते आणि म्हणते, "तगो, मगळे." घे गं, लेकी.