तिला दोन मुलं होती की आहेत?

ऊसतोड कामगारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी लागले तेव्हा माझं काम मला एका वाक्यात सांगितलं गेलं: वस्त्यांवर जाऊन बायकांशी बोलायचं आणि त्यांच्या केस स्टडी इंग्रजीत लिहायच्या. बोलण्याचा प्रश्न नव्हता. मी बीड जिल्ह्यातच वाढले. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी आणि उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम, हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. इंग्रजीचीही फारशी धास्ती नव्हती. शाळा मराठी माध्यमाची असली तरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरात होती, आणि बारा काळांचा तक्ता मी आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

पहिली केस स्टडी ऊस तोडताना बोट कापलेल्या एका बाईंची. गोष्ट गेल्या हंगामातली, म्हणजे भूतकाळ. 'काळ मध्येच बदलू नये' हे वाक्य डोक्यात पक्कं, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी क्रियापदं भूतकाळी ठेवली. पुण्याच्या ऑफिसात इंग्रजी तपासणाऱ्या ताईंकडून ती परत आली. 'शी हॅड टू चिल्ड्रन' या वाक्याशेजारी त्यांनी लिहिलं होतं, "मुलं वारली का?"

मुलं ठणठणीत होती. थोरली गावातल्या हंगामी वसतिगृहात, धाकटा आईबरोबर फडावर. खाली आणखी एक शेरा होता. बाई अमुक गावात राहत होत्या, असं मी लिहिलं होतं. आता कुठं राहतात?

मग मी उलटं केलं. सगळं वर्तमानात आणलं. बाई उचल घेते, टोळी सांगलीकडे निघते, पाचटाची कोपी उभी राहते, कोयता बोटावर बसतो. मराठीत हे कसं छान चालतं. गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं घडते आणि कुणी विचारत नाही की हे कधीचं. इंग्रजीतून शेरा आला: "बोट दरवर्षी कापतं का?"

इथं मी खरोखर चक्रावले. एका वाक्यात मुलं मेली, दुसऱ्यात बोट दरसाल तुटायला लागलं, आणि दोन्ही वेळा मी नियम पाळला होता.

ताईंना फोन लावला. त्यांनी व्याकरण काढलंच नाही. म्हणाल्या, "तू कुठं उभी राहून सांगतेयस ते आधी ठरव. आज, या महिन्यात, त्यांच्या घरी बसून? मग प्रत्येक क्रियापदाला विचार, ते तिथून केवढं लांब आहे." फोन चालू असतानाच आम्ही कागदावर बसलो. दोन मुलं आहेत, जमीन नाही, गाव हे: आजही खरं, म्हणून वर्तमान. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या गाव सोडतात आणि कारखान्यांची गाळपं संपली की परततात: दरवर्षीचं, म्हणून तेही वर्तमान. बोट कापलं ते गेल्या हंगामात, एकदाच: साधा भूतकाळ. आणि उचल? ती तर टोळी निघण्याच्याही आधी घेतलेली. बोट कापण्याची गोष्ट सांगता सांगता मागं वळून उचलीकडे बघायचं, तर तिथं तो 'हॅड टेकन' लागतो, ज्याला आम्ही शाळेत पूर्ण भूतकाळ म्हणून पाठ केलं आणि विसरलो. एका परिच्छेदात तीन रूपं आली, तरी ताईंच्या लेखी काळ सुसंगतच होता. बदल कुठं का झाला हे वाचणाऱ्याला कळलं, एवढ्यानं भागतं.

एक युक्ती त्यांनी जाता जाता सांगितली. मागच्या गोष्टीत शिरायचं तर पहिल्या एक-दोन क्रियापदांना 'हॅड' लावावं, पुढं साधा भूतकाळ चालतो. आपण मागं गेलोय हे वाचकाला एकदा कळलं की पुरतं. मी आधी प्रत्येक क्रियापदामागं 'हॅड' लावत सुटले होते, त्यामुळं वाक्याला दम लागायचा.

सगळ्यात जड गेलं ते बोलणं. आमच्या बाया गोष्ट सांगतात ती बोलण्यातूनच. 'मुकादम म्हणाला, आधी उचल फेड, मग दवाखाना बघ. मालक म्हणाले, मी उद्या पैसे आणून देतो.' मराठीत माणूस जे बोलला तेच, त्याच्याच काळात, त्याच्याच 'मी'सकट आपण पुढं ठेवतो. 'की' घातला तरी आतलं वाक्य जसंच्या तसं राहतं. इंग्रजीत सांगणाऱ्यानं 'सेड' म्हटलं की आतलं सगळं एक पायरी मागं सरकतं: 'विल'चं 'वुड' होतं, 'मी'चा 'ही' होतो, 'उद्या'चा 'दुसरा दिवस' होतो. बाई म्हणाली की मुकादम म्हणाला की मालक देतील, अशी तीन माणसं एकामागे एक लागली की मी कुठल्या पायरीवर आहे ते मलाच कळेना. वर पुन्हा सूट आहे. आतली गोष्ट आजही खरी असेल तर ती वर्तमानात ठेवलेली चालते. 'मला दोन मुलं आहेत असं त्या म्हणाल्या' हे इंग्रजीत 'हॅज'नंही लिहिता येतं. मला ही सूट नियमापेक्षा अवघड वाटते, कारण दर वेळी ठरवावं लागतं, अजून खरं आहे का?

पुस्तकं चाळली तर तिथं आणखी गोंधळ. विल्यम स्ट्रंक यांनी 1918 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या छोट्या शैलीपुस्तकात सारांश लिहिताना एकच काळ धरा असा नियम आहे, आणि नाटकाचा सारांश वर्तमानातच लिहा असंही. पण बोट कापलेली बाई नाटकातलं पात्र नाही. डिकन्सच्या 1852-53 मधल्या 'ब्लीक हाउस'मध्ये दोन निवेदक आहेत, एक वर्तमानात सांगतो आणि एस्थर भूतकाळात; म्हणजे थोरांना सगळं माफ. वर्तमानकाळी कादंबऱ्यांची लाट आल्याबद्दल फिलिप पुलमन यांनी 2010 मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली होती. केंब्रिजच्या 2002 च्या जाडजूड व्याकरणाचे लेखक तर म्हणतात की इंग्रजीला भविष्यकाळच नाही. म्हणजे माझ्या बारा काळांपैकी चार गेलेच.

उपयोगी पडली ती अरुंधती रॉय यांची 1997 ची कादंबरी. सुरुवातीला अयमेनममधला मे महिना आणि पाऊस वर्तमानात येतो, कारण ते दरवर्षीचं. थोड्याच ओळींत राहेल गावी परत येते आणि क्रियापदं भूतकाळात जातात, कारण ती एकदाच आली. अडखळायला होत नाही. माझ्या टोळीचं दरवर्षीचं जाणं आणि बाईंचं एकदाच कापलेलं बोट, यांचीही रचना तीच.

आता मी लिहून झालं की फक्त क्रियापदांना गोल करते आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं लिहिते: आज, दरवर्षी, गेल्या हंगामात, त्याच्याही आधी. जिथं काय लिहावं ते सुचत नाही, तिथं बहुधा काळ चुकलेला नसतो. मी बाईंना विचारायचं राहिलेलं असतं. मालकांनी पैसे आणले का? उचल फिटली का? मग पुन्हा फोन.

शाळेतली इंग्रजीची वही अजून आहे. तिच्यात 'क्रियापदाचे योग्य रूप भरा' या प्रश्नाखाली पानंच्या पानं सुटी वाक्यं आहेत, आणि प्रत्येक वाक्यात 'काल', 'रोज' किंवा 'उद्या' आयतं दिलेलं. आमच्या बायांच्या बोलण्यात असं काही आयतं मिळत नाही, आणि एका वाक्यात काळाची सुसंगती दिसूही शकत नाही; ती दोन वाक्यांच्या मध्ये असते. तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्या सर-बाईंना एवढीच विनंती: दहा गाळलेल्या जागांऐवजी पोरांना एकदा त्यांच्याच घरातली एक घडलेली गोष्ट अख्ख्या परिच्छेदात लिहायला लावा. तक्ता नंतर पाठ केला तरी चालेल.